शंभर टक्क्यांचा कागद

माणसाचं बोट गेलं तर किती टक्के माणूस गेला, हे एके काळी मला तोंडपाठ होतं. हसू नका, नोकरीच होती ती माझी. नगरमधल्या ज्या दवाखान्यात मी होतो त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे जी चूक सांगणार आहे ती दवाखान्याची नाही, माझी आहे. दर मंगळवारी मी तिथे कायमच्या अपंगत्वाचे दाखले लिहायला बसायचो. कामावर कुणाला इजा झाली, जखम भरून आली, पण अंगात उणीव राहिली, तर ती उणीव किती हे आकड्यात लिहून द्यायचं. अंगठा, डोळा, गुडघ्याखालचा पाय, सगळ्यांचे आकडे एका छापील तक्त्यात होते. माणूस समोर उभा, तक्ता टेबलावर आणि मधे मी. वय सत्तावीस, अक्कल बेताची आणि राग नाकाच्या शेंड्यावर.

त्या तक्त्यात सगळं अंग होतं, फक्त पुरुषाचं गुप्तांग नव्हतं. तिथे तक्त्याने मौन धरलं होतं. आमचे मोठे डॉक्टर निवृत्तीला आलेले, टक्कल पडलेले, आवाज कधीही न चढवणारे गृहस्थ. त्यांच्याकडे एक जाड इंग्रजी पुस्तक होतं आणि त्यात या विषयावर अर्धं पान होतं. एक अंड गेलं आणि दुसरं धड असेल तर उणीव थोडी, दोन्ही गेली तर जास्त, म्हाताऱ्यापेक्षा तरुणाची जास्त, असं काहीसं. ते अर्धं पान त्यांनी मला वाचायला दिलं आणि म्हणाले, "हे बघ, हात गेला तर काय गेलं ते दिसतं. इथे माणूस कुदळ मारू शकतो, पोतं उचलू शकतो, सायकल हाणू शकतो. मग गेलं काय? ते विचारून काढावं लागतं. न लाजता विचारायचं."

मी मान डोलावली. पण विचारायचं कसं? आमच्या घरात लंगोट वाळत घालायचा तोसुद्धा धोतराच्या आड. कॉलेजात प्रेतं फाडली, परीक्षा पास झालो, डॉक्टर झालो, तरी ती लाज काही गेली नाही. पेशंटही तसलेच. "अवघड जागी लागलंय" म्हणायचे आणि छताकडे बघायचे. मग मीही छताकडे बघायचो. अशी आमची तपासणी.

साल दुष्काळाचं, बहात्तर-त्र्याहत्तरचं. पाथर्डीकडची गावंच्या गावं पाझर तलावांच्या आणि रस्त्यांच्या कामांवर होती. ज्यांनी जन्मात कधी ट्रॉली जोडली नाही ते ट्रॉल्या जोडत होते, बाया मातीच्या पाट्या वाहत होत्या, आणि माझ्याकडे मंगळवारची रांग वाढत चालली होती. दवाखान्याचे नळ कोरडे. हात धुवायला एक पिंप भरून ठेवलेलं, त्यातलं अर्धा मग पाणी घ्यायचं आणि तेवढ्यात भागवायचं.

तो आला तो त्या रांगेतूनच. तिसगावच्या अलीकडच्या एका वाडीचा, पंचविशीचा, उंच, उन्हाने रापलेला. तलावाच्या कामावर मातीने भरलेली ट्रॉली सुटली होती आणि तिचा दांडा याच्या दोन मांड्यांमधे बसला होता. दोन महिने दुसरीकडे उपचार झाले. एक अंड इतकं चिरडलं होतं की काढून टाकावं लागलं. मी त्याला पडद्याआड नेलं, तपासलं. जखम छान भरली होती. दुसरं अंड हाताला अगदी धड लागत होतं. लघवीचा त्रास नाही, चालता-वाकता येतं. मी अर्ध्या मगात हात धुतले आणि सांगून टाकलं, "दहा-बारा टक्के बसतील."

तो म्हणाला, "शंभर लिवा सायेब."

माझं डोकंच सटकलं. सकाळपासून हेच चाललं होतं, बोटाचं नख गेलेला माणूस अख्खा पंजा मागत होता. मी ओरडलो, "शंभर टक्के म्हणजे काय माहितीये का? शंभर टक्के म्हणजे संपलेला माणूस! तू तर चांगला माझ्यापुढे खांबासारखा उभा आहेस. मंडईत आलायस का घासाघीस करायला?"

तो पडद्याची कड हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला, "पैशाचं न्हाई सायेब. पैसं नका दिऊ. नुस्तं लिवा."

मग कुठे मी खुर्चीवर बसलो आणि त्यालाही स्टुलावर बसवलं. तो सांगायला लागला, तसा थांबत थांबत.

"लगीन हून तीन सालं झाली. पोर न्हाई. गाव सगळं तिलाच नावं ठिवतं, वांझ म्हनून. आन् आता ह्ये आसं झालं. खच्ची केलेल्या बैलागत झालोय मी. तिचं वय काय, बावीस. तिचा बाप यायचाय, पंच बसनार हायेत, काडी मोडून टाकू. पन नुस्ती काडी मोडली तर वांझ म्हनूनच म्हायेरी जाईल ती. पुन्ना तिचा पाट कोन लावील? खोट माज्यातच हाय, शंभर टक्के हाय, आसं सरकारी कागदावर आसलं, का ती सुटली."

आमच्याकडे तेव्हा नवरा-बायकोची फारकत कोर्टात होत नसे. चार पंच बसायचे, त्यांच्यापुढे नवऱ्याने हातात वाळकी काडी धरून मोडायची, की झालं. बाई मोकळी. पण मोकळी झालेली बाई कोणत्या दोषाने मोकळी झाली, हे गाव विसरत नाही. या माणसाला तो दोष आपल्या अंगावर घ्यायचा होता आणि त्यासाठी तो मला खोटं लिहायला सांगत होता.

माझा आवाज आपसूक खाली आला. मी म्हणालो, "अरे बाबा, एक गेलं म्हणून सगळं जात नाही. एक डोळा गेला तर दुसऱ्याने दिसतं की नाही?"

"डोळ्याचं कळतं सायेब. ह्याचं कसं कळावं?"

"कळतं. वीर्य तपासलं की कळतं. मायक्रोस्कोपखाली जिवंत शुक्रजंतू दिसतात, पोहताना दिसतात. ते असले तर मूल होऊ शकतं."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू हा शहरातला माणूस मला काहीतरी बरं वाटावं म्हणून सांगतोय. "न्हाई निगालं तर?" म्हणाला.

"नाही निघाले तर शंभर लिहितो. शब्द दिला."

आता इथे माझी चूक सुरू होते, नीट ऐका. वीर्य ताजं हवं, तासाभराच्या आतलं. ते दवाखान्यातच घ्यायला हवं होतं. पण दवाखान्यात आडोसा म्हणजे एकुलता एक संडास, त्याची कडी तुटलेली आणि बाहेर दहा माणसं टमरेल घेऊन उभी. तिथे या माणसाला पाठवायचं? आणि काय सांगून पाठवायचं? मी खिडकीकडे बघत म्हणालो, "पुढच्या मंगळवारी येताना... ते... घरूनच बाटलीत घेऊन या. पण बाटली स्वच्छ पाहिजे हं. एकदम स्वच्छ. बाटलीत घाण अजिबात नको."

किती वेळ आधी घ्यायचं, कसं आणायचं, थंड ठेवायचं नाही, हे सगळं सांगायला हवं होतं. मी एकच गोष्ट सांगितली आणि तीच तीनदा सांगितली. तो "व्हय" म्हणाला आणि गेला. मी सुटलो, असं वाटलं मला. खरंच, असंच वाटलं.

पुढच्या मंगळवारी तो पहिल्या एसटीने आला. बरोबर बायको होती. ती बाहेर व्हरांड्याच्या पायरीवर बसली. याने पिशवीतून एक लहानसं मडकं काढलं. मडक्यात ओलं पोतेरं आणि त्यात गुंडाळलेली खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली, बूच घट्ट लावलेलं. बाटली चांगली गार लागत होती. आता सांगताना मला माझीच लाज वाटते, पण मी त्याला शाबासकी दिली. किती नीट आणलंय बघा, म्हणालो.

काचेवर थेंब घेतला, मायक्रोस्कोप लावला. शुक्रजंतू होते, पण एकही हलत नव्हता. दुसरा थेंब घेतला, तिसरा घेतला. सगळीकडे तेच. सगळे निश्चल, शेपट्या आखडलेले. मी बराच वेळ डोळा लावून बसलो होतो, मान अवघडली. त्या आठवड्यात मी रोज मनाशी घोकलं होतं की याला चांगली बातमी सांगायची, कशी सांगायची तेही ठरवून ठेवलं होतं.

शेवटी दाखला ओढला आणि लिहिलं. प्रजननक्षमता पूर्णपणे नष्ट, शंभर टक्के. त्याला वाचून दाखवलं.

तो खाली वाकला आणि माझ्या पायांना हात लावला. "लई उपकार झालं सायेब," म्हणाला. अहो, माझ्या उभ्या आयुष्यात असल्या बातमीला कुणी असे आभार मानले नव्हते. त्याचे डोळे भरले होते, पण चेहरा मात्र सुटल्यासारखा दिसत होता. दाखल्यावर शिक्का मारून घ्यायला तो कारकुनाच्या खिडकीकडे गेला. मी चष्मा पुसत बसलो, रांगेतल्या पुढच्या माणसाला हाक मारायचंही सुचेना.

तेवढ्यात ती दारात येऊन उभी राहिली. डोईवर पदर, हातांना भेगा पडलेल्या. तीही त्याच तलावाच्या कामावर पाट्या वाहत होती. नजर खाली, पण आवाज खणखणीत.

"डॉक्टर, बाटली चांगली हुती न्हवं?"

"चांगली होती बाई."

"न्हाई, म्हंजी, तुमी यकदम स्वच्छ पायजे म्हनला हुता, म्हनून इचारते. टँकरचं पानी लई गढूळ येतं. त्यानं धुवून काय उपेग? म्हनून हिरीत टाकायची पांडरी पावडर असती न्हवं, ती मागून आनली. मूठभर पावडर पान्यात कालवली आन् रातभर बाटलीत भरून ठिवली. मग रिती करून तशीच वाळवली. पुन्ना पान्यानं न्हाई खंगाळली, पुन्ना घान नगं म्हनून. तळाला जरा पांडरं दिसलं आसंल तुमाला, त्ये पावडरचंच हुतं बरं का. घान न्हवती."

पटकीच्या साथीत विहिरीतले रोग मारायला जी पावडर टाकतात, ती त्या एवढ्याशा बाटलीत या बाईने रात्रभर मुरवली होती. का? तर डॉक्टरने स्वच्छ म्हणून तीनदा सांगितलं होतं. त्यात काय जिवंत राहणार होतं, कपाळ माझं!

"आणि भरली कधी बाटली?" मी विचारलं. आता मला लाजबिज काही वाटत नव्हती.

"काल सांच्याला. सकाळी येश्टी गाटायची घाई. मग मडक्यात वल्या पोतेऱ्यात ठिवली, दूद ठिवतो तशी. नासाय नगं म्हनून."

म्हणजे पावडरीतून काही वाचलं असतंच, तर ते गारठ्याने आणि वेळाने मेलं असतं. मी खुर्चीवरून उठलो आणि जे तोंडात आलं ते बोलून गेलो, "अहो बाई, कागद गेला! शंभर टक्के लिहून बसलोय मी! आता तो पंचांपुढे ठेवून काडी मोडेल ना तो!"

ती म्हणाली, "कुनाची काडी?"

तिला काही माहीतच नव्हतं. तिला वाटत होतं, कामावरच्या इजेचा कागद न्यायचाय. मला वाटत होतं, दोघांनी मिळून ठरवलंय. मी तेही विचारलं नव्हतं. तिचा बाप यायचाय, पंच बसणार आहेत, हे तिने माझ्याकडून ऐकून घेतलं. मग वळली आणि व्हरांड्यातून चालायला लागली, आणि तिच्यामागे मी, स्टेथोस्कोप गळ्यात तसाच लटकत. रांगेतली माणसं बघत राहिली.

कारकुनाचा शिक्का मारून झाला होता. कागदाची घडी घालून नवऱ्याने ती बंडीच्या आतल्या खिशात ठेवलीसुद्धा होती.

"तो कागद दे इकडे," मी म्हणालो, "चुकलाय तो."

त्याने खिशावर हात ठेवला. "शिक्का बसलाय की सायेब. आता कसा चुकंल?"

"अरे मीच लिहिलाय आणि मीच म्हणतोय चुकलाय! बाटलीत पावडर होती. पुन्हा तपासायला पाहिजे. कदाचित सगळं ठीक असेल!"

त्याचा चेहरा एकदम कळवळला. दोन पावलं मागे सरकून तो म्हणाला, "नगा सायेब. हात जोडतो. लई दिसांनी मन घट्ट केलंय. आता पुन्ना आस लावू नगा. पुन्ना न्हाई निगालं, तर मला न्हाई सोसायचं."

उत्तर तिने दिलं. ती त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली होती.

"काडी कवा मोडायची म्हनता?"

तो बंडीचा खिसा चाचपत राहिला.

"माज्या बापाला सांगितलं, पंचांला सांगितलं, ह्या डॉक्टरला सांगितलं. मला इचारलं का?"

"तुज्याच भल्यासाटी, आगं..."

"माजं भलं मी सांगीन की! दोन म्हैनं तुमची जखम कोन धूत हुतं? ताप चडला तवा उशाला कोन बसलं हुतं? पंच बसलं हुतं?" तिचा आवाज फाटला. "बैल हाय का मी, दावं सोडलं का चालाय लागाय?"

कारकुनाने खिडकी लावून घेतली. भला माणूस, एरवी तमाशा बघायला सगळ्यांत पुढे असायचा.

या आवाजाने मोठे डॉक्टर त्यांच्या खोलीतून बाहेर आले. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ते रागावतील असं मला वाटलं होतं आणि खरं तर मला ते बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "इथेच का नाही घ्यायला लावलंस?"

"लाज वाटली, सर."

"तुला लाज वाटली म्हणून त्या पोरीचं घर मोडत होतं," ते म्हणाले. नेहमीच्याच हळू आवाजात. मार बसला असता तर परवडलं असतं.

मग त्यांनी त्यांच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जा रे बाळा आत. दोघंही जा. आतून कडी लावा. घाई करू नका." दवाखान्यातली एक बाटली मी स्वतःच्या हाताने उकळली, साध्या पाण्यात, आणि कोरडी करून त्याला दिली. या खेपेला खिडकीकडे न बघता, त्याच्या डोळ्यांकडे बघून, काय करायचं आणि कसं करायचं ते सगळं सांगितलं. अगदी साध्या शब्दांत सांगितलं. आकाश काही कोसळलं नाही. तोही नीट ऐकत होता आणि मधे एक शंका त्याने विचारलीसुद्धा.

मोठे डॉक्टर दाराबाहेर स्टूल टाकून बसले, हातात वर्तमानपत्र. जो येईल त्याला "आत तपासणी चालू आहे" म्हणून परत पाठवत होते. त्यांत एकदा एक बडा अधिकारी आला, त्यालाही त्यांनी हेच सांगितलं आणि पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

बऱ्याच वेळाने कडी निघाली. त्याने बाटली मुठीत धरून माझ्याकडे दिली. ती कोमट होती. मी मायक्रोस्कोप त्याच खोलीत आणून ठेवला होता. पण लगेच बघता येत नाही. ते आधी घट्ट असतं, पातळ व्हायला अर्धा तास तरी थांबावं लागतं. मी घड्याळ टेबलावर ठेवलं आणि बसलो. तो भिंतीला टेकून उकिडवा बसला, नजर फरशीवर. ती उभी होती.

तो अर्धा तास काही केल्या सरेना. मी उगाच काचा पुसल्या, पुन्हा पुसल्या. नवा दाखला काढून टेबलावर ठेवला. तिने तो पाहिला.

"ह्यो कशाचा कागूद?"

"नवा दाखला. तपासून झालं की भरणार."

"ह्यात काय काय लिवत्यात?"

मी बोट ठेवून सांगितलं. इथे इजा कुठे झाली ते, इथे आता काय उणीव आहे ते, इथे टक्के, इथे माझी सही, आणि हा खाली शेरा.

"शेरा म्हंजी?"

"वर न मावलेलं काही राहिलं असेल तर ते इथे लिहायचं."

"मग तितं माजं लिवा," ती म्हणाली.

"तुमचं काय लिहायचं?"

"बायकू जात न्हाई म्हनून लिवा. कायबी निगू दे, ती जात न्हाई. पंचांला कागूदच पायजे न्हवं? मग त्यावर ह्ये बी आसू द्या."

मी म्हणालो, "बाई, आधी बघू तरी. दहाच मिनिटं राहिलीत. बघितलं की मग लिहितो."

"न्हाई. आदी लिवा. बगितल्यावर लिवलं तर मग काय ऱ्हायलं त्यात?"

आता सरकारी दाखल्यावर असलं काही लिहायचं म्हणजे वरून विचारणा ठरलेली. एरवी मी तिला झिडकारलं असतं. पण त्या दिवशी झिडकारायला माझ्यात तोंड नव्हतं. मी पेन उघडलं. वरचे रकाने मी नंतर भरले आणि तिथे नक्की कितीचा आकडा टाकला ते आता आठवतही नाही. शेरा मात्र शब्दन्‌शब्द आठवतो. तपासणीचा निष्कर्ष काहीही निघाला तरी पत्नी पतीस सोडून जाणार नाही, असे पत्नीने समक्ष सांगितले.

"वाचा की मोट्यानं," ती म्हणाली.

मी वाचला. मी कागद खाली ठेवणार, तोच भिंतीकडून आवाज आला.

"पुन्ना वाचा."

मी पुन्हा वाचला, जरा सावकाश. त्याने मान वर केली नव्हती.

"आनि यकदा."

मी तिसऱ्यांदा वाचला. तो उठला. बंडीच्या आतल्या खिशातून त्याने ती घडी काढली, शिक्क्याची, शंभर टक्क्यांची, आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवली. मग तो परत जाऊन बसला, पण या वेळी भिंतीपाशी नाही, तिच्या पायांशी.

अर्धा तास झाला होता. मी काचेवर थेंब घेतला आणि डोळा लावला. आधी नुसताच धूसर उजेड दिसला. मी मायक्रोस्कोपचा स्क्रू सावकाश फिरवला. मग एकदम स्पष्ट झालं.

"आहेत!" मी ओरडलो. दाराबाहेर मोठ्या डॉक्टरांचं स्टूल सरकल्याचा आवाज आला. "आहेत, आहेत! जिवंत आहेत! अरे ये, ये इकडे, तूच बघ!"

तो धडपडत आला. आधी चुकीचाच डोळा मिटला, मग मी त्याची मान धरून नीट लावली. मग म्हणाला, "लई हायेत की वो." आणि तिथेच, त्या मायक्रोस्कोपवर डोकं टेकून, तो हुंदके देऊन रडायला लागला.

मी तिला म्हणालो, "या बाई, तुम्हीही बघा."

तिने पदराने डोळे पुसले, मडकं आणि पोतेरं पिशवीत भरलं. "तुमी दोगं बगा," ती म्हणाली, "माजं कवाच लिवून झालंय." आणि तिसगावची पुढची एसटी किती वाजता आहे ते विचारायला ती बाहेर गेली.